अब्बांचे घड्याळ, मुलाचे मनगट

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा इंतकाल झाला की काही दिवसांनी त्यांचे कपाट उघडले जाते. कागदपत्रे वेगळी काढली जातात, कपड्यांचे काय करायचे ते ठरते, चष्मा तसाच राहतो. आणि बहुतेक घरांत एक घड्याळ निघते. स्टीलच्या चेनचे, काचेवर चरे पडलेले. जुने असेल तर एचएमटीचे, रोज चावी द्यावी लागणारे. बेंगळुरूला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने ही घड्याळे बनू लागली आणि २०१६ पर्यंत तो कारखानाच इतिहासजमा झाला. पण घड्याळे अजून चालतात. नवे असेल तर सेलवरचे, कुणीतरी ईदला भेट दिलेले. मुलगा ते हातात घालून पाहतो. चेन सरकत थेट तळहातावर येते, कारण अब्बांचे मनगट शेतात आणि दुकानात राबलेले, जाड हाडाचे होते. घड्याळ पुन्हा कपाटात जाते आणि तिथेच बंद पडते.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात एकेकाळी तालुक्याच्या बाजारात घडीसाज हमखास सापडे. डोळ्याला भिंग लावून, काचेच्या छोट्या पेटीमागे बसलेला. जिल्दसाज म्हणजे पुस्तक बांधणारा, तसा घडीसाज म्हणजे घड्याळ दुरुस्त करणारा. हा शब्द उर्दूतून आपल्या घरात आला आणि आता माणसाबरोबरच मागे पडत चालला आहे. हातात मोबाईल आल्यापासून त्याचे गिऱ्हाईक तुटले. खेड्यातून फक्त दोन कड्या काढायला एस.टी.ने जायचे आणि दुकान बंद पाहून परत यायचे, यापेक्षा हे काम घरी शिकून घेतलेले बरे. ते अवघडही नाही. अर्धा तास, उजेड आणि थोडी सबुरी एवढेच लागते. मात्र घड्याळ मरहूम वडिलांचे असेल तर पिनेला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा, तो म्हणजे हे घड्याळ आता कोणाचे आहे?

प्रश्न ऐकून काही जण हसतील. एवढ्याशा वस्तूचा काय हिशेब? पण सूरह निसाच्या सातव्या आयतीत वारसांच्या हिश्श्याचा उल्लेख आहे, तिथे मागे ठेवलेला माल थोडा असो की पुष्कळ, पुरुषांचा आणि स्त्रियांचा त्यात हिस्सा आहे हे स्पष्ट सांगितले आहे. तरका म्हणजे फक्त शेत आणि घर नव्हे. घड्याळ, सायकल, अंगठी, इतकेच काय कपाटातले कपडेही तरक्यातच येतात. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत असेल तर एक तृतीयांशाच्या मर्यादेत ती, आणि उरलेले वारसांचे. अम्मीचा महर द्यायचा राहिला असेल तर तेही कर्जच आहे, हे आपल्याकडे सोयीने विसरले जाते.

समजा मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, मरहूमांचे आई-वडील हयात नाहीत आणि घडीसाजाने घड्याळाची किंमत ८०० रुपये सांगितली. बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे १०० रुपये. उरलेल्या ७०० चे पाच भाग. प्रत्येक मुलाला दोन भाग, म्हणजे २८० रुपये. मुलीला एक भाग, १४० रुपये. ज्या मुलाला घड्याळ हवे आहे त्याचे त्यात स्वतःचे २८० आहेत आणि ५२० दुसऱ्यांचे. ते त्यांनी खुशीने सोडले तर प्रश्न मिटला. नाही सोडले तर तेवढे द्यायचे किंवा दुसऱ्या वस्तूत फेडायचे. आणि धाकटा भाऊ नाबालिग असेल तर त्याचे २८० रुपये कोणीच माफ करू शकत नाही. तो स्वतःही नाही आणि त्याच्या वतीने अम्मीही नाही. ते त्याच्या नावाने बाजूला ठेवायचे. यतीमांचा माल नाहक खाणाऱ्यांबद्दल त्याच सूरहच्या दहाव्या आयतीत काय म्हटले आहे ते ज्याने वाचले आहे, तो या २८० रुपयांना किरकोळ म्हणणार नाही.

खुशी म्हणजे काय, यावर थोडे बोलावे लागेल. सगळे नातेवाईक दिवाणखान्यात बसलेले असताना “आपा, घड्याळ मी घेतो, तुझी काही हरकत नाही ना?” असे विचारले तर कोणती बहीण “आहे” म्हणेल? शरमेने दिलेला होकार हा होकार नसतो. तिला एकटीला, निवांत विचारा. कदाचित घड्याळ तिलाच हवे असेल. अब्बांच्या मनगटावरचे ते घड्याळ शाळेला सोडताना तिनेही रोज पाहिलेले असते. बाईच्या हातात पुरुषी घड्याळ कसे दिसेल, ही अडचण चेन कमी करता येते म्हटल्यावर निम्मी संपते.

हयातीत अब्बांनी स्वतः हातातून काढून कोणाला घड्याळ दिले असेल आणि त्याने ते ताब्यात घेतले असेल, तर ते त्याचे झाले. तो हिबा आहे, तरका नव्हे. देताना मुलांमध्ये बरोबरी राखावी, हे नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसमधून आपल्याला ठाऊक आहे.

एवढे उरकले की परात घ्या. हो, कणीक मळायची परात. तिच्यात पांढरा सुती कपडा घाला आणि सगळे काम तिच्यातच करा. चेनमधल्या पिना शिवणाच्या सुईपेक्षा जाड नसतात. निसटली की फरशीवर टुणकन उडते आणि पलंगाखाली जाते. परातीला काठ असतो, पांढऱ्या कपड्यावर पिन दिसते. लहान मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण चमकणारी बारीक वस्तू तोंडात जायला वेळ लागत नाही.

आता माप. घड्याळ हातात घालून बंद करा आणि खालच्या बाजूला, लॉकपाशी, जास्तीची चेन चिमटीत धरा. चिमटीत किती कड्या येतात ते मोजा. माप दुपारी घ्या, सकाळी नको. मनगट दिवसभर एकसारखे राहत नाही, उन्हाने आणि कामाने ते फुगते. घाटावर, चिखली-मेहकरकडे, हा फरक तितका जाणवणार नाही. पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगावला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बराच वर जातो तेव्हा हिवाळ्यात बेताने बसवलेली चेन कातडीत रुतते. बंद लॉकखालून करंगळी अडखळत का होईना जायला हवी, हे आमच्या मते सगळ्यात सोपे माप.

करंगळीएवढी ही सैल जागा वुजूसाठीही हवी. सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत कोपरापर्यंत हात धुण्याचा हुकूम आहे आणि घड्याळ नेमके त्याच भागावर बसते. घट्ट अंगठी हलवून तिच्याखाली पाणी पोहोचवावे, असे फुकहांनी लिहून ठेवले आहे. घट्ट चेनचेही तेच. सैल चेन वर-खाली सरकवता येते आणि खालची कातडी ओली होते. जुन्या चावीच्या घड्याळाला मात्र पाणी लावूच नये, ते काढूनच वुजू करावा. पाठीवर ३० मीटर असे लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ तीस मीटर पाण्यात चालते असा नाही. हात धुतानाचे शिंतोडे सोसेल, एवढाच तो भरवसा. घड्याळ काढले तर खिशात टाका, नळाजवळच्या कट्ट्यावर ठेवू नका. जुम्याच्या नमाजनंतर “एक घड्याळ सापडले आहे” हा एलान कोणत्या मशिदीत होत नाही?

मोजून झाले की पहिली नजर लॉककडे टाका. पुष्कळ चेनमध्ये लॉकच्या पातळ कडेवर तीन-चार बारीक छिद्रे ओळीने असतात. चेनचे टोक त्यांतल्या एका छिद्रात स्प्रिंगच्या दांडीने अडकवलेले असते. सुईच्या टोकाने दांडी आत दाबायची, सरकवायची आणि पुढच्या छिद्रात सोडायची. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर काम इथेच संपते, कडी काढावीच लागत नाही. दांडी दाबताना तिच्यावर अंगठा ठेवा, नाहीतर ती उडेल. उन्हाळ्यात एक छिद्र सैल, थंडीत एक छिद्र घट्ट, असे वर्षातून दोनदा करणारे लोक आम्हाला माहीत आहेत.

कड्या काढायच्याच असतील तर चेन उलटी करून आतली बाजू पाहा. लॉकजवळच्या काही कड्यांवर बारीक बाण कोरलेले दिसतील. ज्या कड्यांवर बाण आहेत त्याच निघतात. घड्याळाच्या डबीला लागून असलेल्या कड्या बहुधा पक्क्या असतात, त्यांच्या नादी लागू नका. बाण नसेल आणि कडीच्या बाजूला स्क्रूच्या डोक्यासारखी खाच दिसत असेल, तर ती स्क्रूची चेन आहे. तिच्याबद्दल पुढे.

बाणाची चेन आपल्याकडे सर्वांत जास्त. तिची पिन एका टोकाला चिरलेली असते, केसांच्या पिनेसारखी. चिरलेले टोक जरा फाकलेले असल्यामुळे ती छिद्रात घट्ट बसते. बाणाचे टोक ज्या बाजूला आहे त्या बाजूला पिन ढकलायची, उलटी ढकलली तर ती आणखी फसते. ढकलायला काय घ्यायचे? बाजारात प्लास्टिकचे एक छोटे साधन मिळते. चेन त्यात ठेवून स्क्रू फिरवला की टोकदार दांडी पिनेला बाहेर रेटते. महाग नाही, आणि भावकीत एक असले तरी सगळ्यांना पुरते. ते नसेल तर टोक घासून बोथट केलेली जाड सुई आणि हलकी हातोडी चालेल. चेनखाली मुलांच्या दप्तरातले मोठे खोडरबर ठेवा, बाहेर येणारी पिन रबरात घुसेल आणि हरवणार नाही. डबीला कागदी चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे सुई घसरली तरी चरा पडणार नाही. दाभण वापरू नका, ते छिद्रापेक्षा जाड असते आणि छिद्राचे तोंड पसरवते.

हातोडी टकटक मारायची, ठोकायची नाही. पिन दोन मिलिमीटर बाहेर आली की बारीक पकडीने सरळ ओढून काढा. ओढताना पिळू नका. एक कडी वेगळी करायला तिच्या दोन्ही बाजूंच्या दोन पिना काढाव्या लागतात. कडी बाजूला झाली की उरलेली चेन एका पिनेने जोडायची. म्हणजे प्रत्येक कडीमागे एक पिन शिल्लक राहते. काम संपल्यावर परातीत जितक्या कड्या तितक्याच पिना दिसल्या पाहिजेत. कमी-जास्त दिसल्या तर कुठेतरी चुकले आहे.

काही घड्याळांत, विशेषतः जपानी, पिनेबरोबर मधल्या छिद्रातून तिळाएवढी नळी निघते. लोक तिला कचरा समजून झटकून टाकतात. पिन त्या नळीतच घट्ट बसते, ती हरवली तर चेन जोडलेली दिसते पण चार दिवसांत रस्त्यात सुटते. म्हणून पहिली पिन निघाली की थांबा आणि कपड्यावर नीट पाहा.

दोन कड्या काढायच्या असतील तर लॉकच्या दोन्ही बाजूंनी एकेक काढा, म्हणजे लॉक मनगटाच्या बरोबर मध्ये राहील. विषम असतील तर जास्तीची कडी सहाच्या आकड्याच्या बाजूने काढा आणि घालून पाहा. लॉक एकीकडे झुकले तर बदला, यात घाई कसली?

पिन परत घालताना दिशा उलटी. बाणाच्या टोकाकडून, बाणाविरुद्ध, आणि चिरलेले टोक शेवटी आत जाईल अशी. बोटाने अर्धी जाते. पुढे तिच्यावर लाकडाचा तुकडा धरून हलके ठोके द्या. शेवटी दोन्ही बाजूंवरून नख फिरवा. नख अडले तर पिन बाहेर आहे. अशी पिन कुर्त्याच्या बाहीचा धागा ओढते आणि एक दिवस स्वतःच निघून जाते. मग गादीवर बसून चेन दोन्ही हातांनी ओढून पाहा. तुटायचीच असेल तर ती गादीवर तुटू द्या, विहिरीच्या काठावर नको.

स्क्रूच्या चेनला खाचेत नेमका बसणारा बारीक स्क्रूड्रायव्हर हवा. रुंद किंवा पातळ चालत नाही, खाच झिजते आणि मग घडीसाजही हात जोडतो. पुष्कळ कंपन्या स्क्रूवर चिकट द्रव लावून तो बसवतात. सहज फिरला तर फिरवा, नाही फिरला तर तिथेच सोडा आणि दुकानात न्या. जोर लावून जिंकण्यासारखे हे काम नाही. स्वतः बसवलेला स्क्रू आठवड्याने एकदा तपासा, तो सैल होतो.

बुजुर्गांच्या हातात एक वेगळी चेन दिसते. रबरासारखी ताणली जाते, लॉक नसते आणि मनगटावरचे केस ओढते. वुजूला झटकन काढता येते म्हणून आजोबा मंडळींची ती लाडकी. तिच्या कड्या पातळ पत्र्याच्या क्लिपांनी एकमेकींत गुंतवलेल्या असतात. आम्ही ती घरी उघडण्याचा सल्ला देणार नाही. क्लिप एकदा वाकली की पूर्ववत होत नाही. तशीच जुनी, पत्रा दुमडून केलेली पोकळ चेन. तिच्यावर हातोडी पडली की कडी चेपलीच. जाळीच्या चेनमध्ये मात्र कडी काढण्याचा प्रश्नच येत नाही. लॉकच्या मागची पट्टी सपाट टोकाने उचलायची, लॉक सरकवायचे, पट्टी दाबायची.

बहिणीचे मनगट फारच बारीक असेल तर निघणाऱ्या सगळ्या कड्या काढूनही चेन सैल राहील. तेव्हा चेन उतरवून चामड्याचा किंवा नायलॉनचा पट्टा लावावा. दुकानात जाण्यापूर्वी डबीच्या दोन शिंगांमधले अंतर पट्टीने मोजा. पुरुषी घड्याळांत ते पुष्कळदा १८ किंवा २० मिलिमीटर भरते.

सोनेरी घड्याळाबद्दलही विचारले जाते. पुरुषांना सोने वर्ज्य आहे हे सर्वांना ठाऊक आहे. नुसता सोनेरी रंग, पातळ मुलामा आणि खरे सोने या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुलाम्याबद्दल आलिमांची मते एकसारखी नाहीत. आपल्या भरवशाच्या आलिमांना घड्याळ दाखवून विचारून घ्यावे. निकाहाच्या वेळी नवरदेवासाठी असे चकाकते घड्याळ मुलीकडून मागून घेतले जाते, तिथे तर रंगाच्या आधी मागण्याचीच लाज वाटायला हवी.

कड्या काढल्यावर चेन कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशने धुवा. पाणी डबीला लागू देऊ नका, जमले तर चेन उतरवूनच धुवा. कड्यांच्या सांध्यांतून जो काळा मळ निघतो तो घाम आणि धुळीचा असतो, मनगटावर खाज त्यानेही येते. धुऊनही कातडी लाल होत असेल तर स्टीलमधले निकेल सोसत नसेल, मग पट्टाच बरा.

निघालेल्या कड्या, पिना आणि नळ्या छोट्या डबीत ठेवा. औषधाची रिकामी डबी चालते. वर चिठ्ठी लावा: घड्याळ कोणाचे, कड्या किती, तारीख काय. वाटणीत घड्याळ ज्याच्याकडे गेले, ही डबीही त्याच्याकडेच जायला हवी. आज कॉलेजला जाणाऱ्या मुलाचे मनगट चार-पाच वर्षांत भरेल, तेव्हा यातली एखादी कडी परत लागेल. नव्या कड्या जुन्या चेनला सहसा जुळत नाहीत आणि एचएमटीच्या वेळच्या चेनच्या तर आता शोधूनही मिळत नाहीत.